करपल्या कांद्याची मालकीण

“तिचा कांदा? तिचा कांदा कधी करपला?” थोरलीनं इस्त्री बुडावर उभी केली आणि हात कमरेवर ठेवले. “वाचा बघू परत. हळू वाचा.”

शाळेतल्या मास्तरीणबाई नवऱ्याचे शर्ट न्यायला आल्या होत्या. दोन शर्टांच्या कॉलरी व्हायच्या होत्या, म्हणून स्टुलावर बसून त्या रविवारची पुरवणी वाचत होत्या. वाचता वाचता त्यांना हसू फुटलं, आणि एकट्यानं हसणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी तेवढा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला होता. आता त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुन्हा सुरुवात केली.

“‘मी एकदा कांदा आचेवर ठेवून शेजारणीशी बोलायला गेले. बोलणं संपलं तेव्हा कांदाही संपला होता. कांदा परतताना बोलू नये. अगदीच राहवत नसेल, तर कांद्याशी बोलावं.’ किती गोड लिहितात हो! एवढ्या मोठ्या लेखिका, आणि स्वतःची फजिती कशी मोकळेपणानं सांगतात. खाली लिहिलंय, यांचं पहिलंवहिलं पुस्तक पुन्हा निघतंय. कधीपासून कुठंच मिळत नव्हतं म्हणे. त्यातलं आहे हे.”

“तो कांदा माझा आहे,” थोरली म्हणाली.

मास्तरीणबाईंना वाटलं, बाई गंमत करतेय. त्या आणखी हसल्या. थोरली हसली नाही. तिनं इस्त्री उचलली आणि मास्तरांच्या कॉलरीवर अशी दाबली की वाफ थेट छतापर्यंत गेली.

थोरली म्हणजे त्या घरची थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा खाली लाँड्री आणि वर दोन खोल्या, त्यांच्यामागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चादरी वाळत घालायचं अंगण, एवढं घर होतं. सासरे कपडे धुवायचे, नवरा पिळायचा, सासू घड्या करायची. इस्त्री करणाराच घरातला कुणी नव्हता, तो पगारी ठेवलेला होता आणि सारखा आजारी पडायचा. नवी सून हाताला जड आहे, तिच्या हातून कपबशा फुटतात, हे सासूनं दोन दिवसांत हेरलं आणि म्हणाली, हिला खाली पाठवा, इस्त्री काही फुटत नाही. थोरली खाली आली ती कायमचीच. कोळशाची इस्त्री होती तेव्हापासून आता वाफेची आली तोवर ती त्याच टेबलापाशी उभी होती. तिच्या उभं राहण्यानं तिथली फरशी झिजून गुळगुळीत झालेली. कुठल्या घराच्या कपड्यांना कुठल्या रंगाचा खुणेचा दोरा घालायचा हे तिला विचारावं लागायचं, कारण तिनं ते कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं. कुणाच्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही हे तिला उशीच्या अभ्र्यांवरून कळायचं, आणि कळलेलं ती पोटात ठेवायची नाही. तिच्या टेबलापाशी म्हणून तर माणसं रेंगाळायची.

पण सून म्हटली की स्वयंपाकही आला. सकाळचा स्वयंपाक थोरलीचा होता. वर भांडं चढवायचं, खाली येऊन बाह्यांवरून इस्त्री फिरवायची, परत वर जाऊन ढवळायचं. मध्येच गिऱ्हाईक हाक मारायचं. गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलल्याशिवाय थोरलीला करमायचं नाही. मग वरून वास यायचा. त्या घरात सकाळचं जेवण तयार झालं की नाही हे विचारायची कधी पाळी आली नाही, वास आला की सगळे हात धुवायला उठायचे.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. ती शिकलेली होती. तिचे हात गोरेपान आणि बोटं लांब, आणि सोड्याच्या पाण्यात घातले की त्यांवर पुरळ उठायचं. एकदा उठलं, दोनदा उठलं, तिसऱ्यांदा सासूच म्हणाली, राहू दे गं, तू वर बघ. थोरलीच्या हातांना काही उठायचं नाही. तिला त्या पुरळाचा इतका हेवा वाटला की तिनं एका रात्री सोडा मनगटापर्यंत चोळून बघितला. सकाळी हात आणखी स्वच्छ झालेले.

तर संध्याकाळचा स्वयंपाक धाकटीचा. ती कांदा असा चिरायची की सगळे तुकडे एका मापाचे. मीठ चिमटीनं घालायची, मुठीनं नाही. पातेल्यापाशी अशी उभी राहायची, की जसं काही ते पळून जाणार आहे. दुपारी सगळे कलंडले की ती खिडकीत बसून काहीतरी लिहायची. थोरलीला वाटायचं, माहेरी कागाळ्या लिहून पाठवतेय. तसं असतं तर परवडलं असतं.

दीर छापखान्यात यंत्रावर होता. हँडबिलं, पावत्या, औषधांच्या खोक्यांवरची नावं, असली कामं तिथं चालायची. मालकाच्या परवानगीनं त्यानं उरल्यासुरल्या कागदावर बायकोचं पुस्तक छापलं. काही पानं पांढरी, काही पिवळी, मधलीच थोडी गुलाबी, आणि वरचं कव्हर औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं. बारकंसं पुस्तक. त्यात सूप होतं, अंडी होती, मासे होते, जॅम होता. कृती साध्या होत्या, पण प्रत्येक कृतीच्या खाली तिरक्या अक्षरांत दोनतीन ओळी होत्या, आणि त्या ओळी ‘एक बाई’ अशा शब्दांनी सुरू व्हायच्या.

एक बाई अंडी उकडायला ठेवून विसरली. पाणी आटल्यावर अंड्यांनीच हाक मारली. त्यातलं एक अजून छताला आहे.

एका बाईचा भात बघून नवऱ्यानं विचारलं, आज खळ एवढी घट्ट का केलीस? बाईनं काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलरी मात्र कडक होत्या.

एक बाई सुपात मीठ घातलं की नाही ते विसरली, म्हणून परत घातलं, आणि मग सासूला चव बघायला सांगितली. सासूनं चांगलं-वाईट काही सांगितलं नाही. पाणी मागितलं.

ज्या दिवशी पुस्तकं घरी आली त्या दिवशी दिरानं जेवताना वाचून दाखवायला घेतलं. पहिल्या ‘एका बाई’ला सासरे खोकले. दुसऱ्या बाईला सासूनं पदर तोंडाला लावला. अंड्यापाशी आल्यावर सगळ्यांनी एकदमच मान वर करून छताकडं बघितलं, तिथं पिवळा डाग होता, आणि मग कुणालाच आवरेना. थोरलीचा नवरा, म्हणजे घरातला सगळ्यात शांत माणूस, तो तर डोळे पुसत होता. धाकटी खाली मान घालून बसली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही हललं ते थोरलीनं बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

नाव कुठं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. नाव घातलं असतं तर भांडता आलं असतं. ‘एक बाई’ म्हटल्यावर कुठल्या तोंडानं म्हणायचं की ती मीच? आणि खालून कुणी हाक मारली म्हणून कांदा करपला, तू वर बसून पेन चघळत होतीस तेव्हा तू का नाही ढवळलास, हे कुणाला सांगायचं? त्याच्याही पलीकडं एक होतं, ते थोरलीनं स्वतःशीसुद्धा नीट बोलून घेतलं नाही. आपण इतकी वर्षं लोकांच्या कॉलरी कडक करतोय, त्याची कुणी दोन ओळींत नोंद केली नाही. आणि ही बया खिडकीत बसते, तर छापून येते.

तिच्या वाट्याला आलेली प्रत तिनं दुसऱ्याच दिवशी खाली आणली आणि फाडली. शर्टाची घडी घातली की छातीशी ताठपणा यावा म्हणून आत कागद घालायची पद्धत होती, आणि पुस्तकाचं पान त्याला अगदी मापाचं होतं. पांढऱ्या शर्टात पिवळं पान, निळ्यात गुलाबी. एकेक पान आत सरकवताना तिला फार बरं वाटलं. जा, म्हणाली, लोकांच्या छातीवर जाऊन चुरगळा.

आठवडा गेला नसेल, सलूनवाला आला. त्याच्या हातात दोन शर्ट होते आणि ते मळलेले नव्हते. इकडं तिकडं बघून त्यानं विचारलं, त्या बाईचं पुढचं पान यात घालता का? मागच्या शर्टात माशापर्यंत झालं, माशाचं तिनं काय केलं ते कळलं नाही. घरी बायको मागं लागलीय. त्याच्यामागून दवाखान्यातली नर्स आली, मग टपालवाला. थोरली म्हणाली, पानं संपली. मग पुस्तक कुठं मिळतं, असं त्यांनी विचारलं. दिरानं घरात रचून ठेवलेले गठ्ठे हां हां म्हणता हलले. जे पुस्तक तिला मातीत घालायचं होतं ते तिनं आपल्या हातानं घडी घालून घरोघर पोचवलं होतं. त्या दिवशी तिच्या हातून एका वकिलाचा कोट जळला. त्याचा उल्लेख सुदैवानं कुठं छापून आला नाही.

पुढं धाकटीचं नशीब वर गेलं. वर्तमानपत्रानं बोलावलं, मग रेडिओनं, मग मोठ्या प्रकाशकानं. तिनं वेगळं घर केलं, त्याला लिफ्ट होती. छापखाना बंद पडला, पुस्तकाचे शिशाचे ठसे वितळवले गेले, आणि ते बारकं पुस्तक पुन्हा निघालं नाही. नवी पुस्तकं निघाली ती जाडजूड, गुळगुळीत कागदाची, पानापानावर असे फोटो की जेवायच्या आधी चष्मा लावावा लागेल. प्रत्येक नवं पुस्तक धाकटी आठवणीनं पाठवायची. थोरली ते इस्त्रीच्या टेबलावर ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटायची. कृती वाचायची नाही. कृतींच्या खाली बघायची. तिरक्या ओळी कुठंच नसायच्या, या पुस्तकांत कुणाचं काही चुकतच नव्हतं. मग ‘बरं झालं’ म्हणून ती पुस्तक धाडकन मिटायची आणि त्या दिवशी घरात कुणाशी धड बोलायची नाही.

“पुस्तकात होतीस तेव्हा राग,” नवरा एकदा म्हणाला, “आता नाहीस तर राग. तुझं नक्की काय आहे?”

“माझं काही नाही,” ती म्हणाली. “माझं कधी काही होतं का?”

दीर गेला. सासू-सासरे त्याच्या आधीच गेले होते. दोघी जावा मयतीला भेटायच्या, लग्नाला भेटायच्या, एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करायच्या, आणि करपलेल्या वस्तूंचा विषय निघाला की दोघींनाही खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं.

तर त्या दिवशी मास्तरीणबाई शर्ट घेऊन गेल्या. पुरवणी थोरलीनं ठेवून घेतली. दुपारी तिनं फोन लावला आणि तब्येतीची चौकशी न करता म्हणाली की इकडं येऊन जा. धाकटी म्हणाली, मी येणारच होते ताई, तुम्हाला दाखवायचंच होतं. तिच्या आवाजात असं काही गोड होतं की थोरलीनं फोन ठेवल्यावर कान पुसला.

दुसऱ्या दिवशी धाकटी टॅक्सीतून उतरली. केस रुपेरी, पण नीट बसवलेले. काखेत कागदांचा गठ्ठा. लाँड्रीत ती कितीतरी वर्षांनी येत होती, आणि तिला कुठं बसावं कळेना, कारण स्टुलावर हॉटेलच्या चादरी होत्या. शेवटी ती इस्त्रीच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी उभीच राहिली. थोरलीनंही हातातली चादर सोडली नाही.

धाकटीनं सगळं सविस्तर सांगितलं. प्रकाशकाच्या मुलीला तिच्या आजीच्या पेटीत ते पहिलं पुस्तक सापडलं. तिला इतकं आवडलं की ती म्हणाली, तुमची जाड पुस्तकं एकीकडं आणि हे एकीकडं. पण एक अडचण तिनं काढली. ही जी ‘एक बाई’ आहे ती कुणीतरी खरी बाई वाटते, तिला टोमणे मारल्यासारखं वाटतं. आजकाल लोकांना ते रुचत नाही. त्यापेक्षा ‘मी’ करा. धाकटीलाही ते पटलं. तिनं एक एक ओळ बदलली. हे आता छपाईला जायचे कागद. पुरवणीत एक तुकडा आला तर केवढी पत्रं आली.

“तुम्हाला ते लागलं होतं ताई, मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला कळत होतं. तेव्हा वय लहान होतं, अक्कल नव्हती. म्हटलं, आता तरी तुम्हाला त्यातून काढावं.”

“काढलंस कुठं?” थोरली म्हणाली. “घेतलंस.”

धाकटीला कळलं नाही. ती म्हणाली, तुमचं नावसुद्धा कुठं येणार नाही.

“नाव तेव्हाही नव्हतं. अगं, तो कांदा करपला त्याची शिवी मी खाल्ली. ते अंडं फुटलं तेव्हा स्टुलावर चढून छत मी खरवडलं, तरी डाग गेला नाही. आणि आता लोक तुला म्हणणार, अगं बाई, किती मोकळ्या मनाची. तू हातानं एक पोळी करपवली नाहीस जन्मात.” थोरलीनं चादरीची घडी एवढ्या जोरात मारली की धाकटी मागं सरकली. “शिक्षण तुझं, हात तुझे, फोटो तुझे. मी कधी त्यातलं मागितलं? जळत होते, खोटं कशाला बोलू, पण मागितलं नाही. माझ्या नावावर जगात एवढंच होतं, करपलेलं. तेसुद्धा तुझ्या पानात वाढून घेतलंस?”

धाकटीनं पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातात धरून राहिली. आणि मग ती जे बोलली ते ऐकायला थोरलीनं इस्त्री खाली ठेवली.

“तुम्ही जळत होतात म्हणता. आणि मी? तुमचा भात खळीसारखा झाला की सगळं घर हसायचं, आणि हसता हसता पातेलं रिकामं व्हायचं. मी चार चार तास उभी राहून केलेलं लोक मुकाट्यानं जेवून उठायचे. हेसुद्धा. तुमचा करपलेला कांदा हे वाटी खरवडून खायचे आणि म्हणायचे, वहिनीच्या हाताला धुराची चव आहे. माझ्या हाताला कसली चव आहे, ते कधी म्हणाले नाहीत. चांगलं झालंय, एवढंच. म्हणून लिहिलं मी. रागानं लिहिलं. म्हटलं, जगाला कळू दे कशी रांधते ते. तर जगालाही तुम्हीच आवडलात.”

थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर पोटात गार वाटलं. ही, लिफ्टच्या घरातली, हिला आपला हेवा वाटत होता, आणि आपण सोडा चोळत बसलो. तिनं ते तोंडावर दिसू दिलं नाही. नुसतं म्हणाली, “मग आता तरी मला परत घाल.”

“ताई, नका ना.” आता मात्र धाकटीचा आवाज खरोखरच बारीक झाला. “इतकी पुस्तकं लिहिली, मला कधी कुणी असं पत्र लिहिलं नव्हतं. ‘तुम्ही आमच्यातल्याच वाटता’, असं लिहितात. आधी लिहायचे, कृती जमली, आभारी आहे. या वयात एकदा वाटतंय की आपण कुणाला आवडलो.”

“मग स्वतःचं करपव की.”

“काय?”

“तुझं कधी काही चुकलंच नाही का? देवानं तुला चिमटीनंच घडवलं होतं?”

धाकटीनं गठ्ठ्यातून एक कागद काढला, त्यावर नजर ठेवून, थोरलीकडं न बघता म्हणाली, “मीठ.”

थोरलीनं कागद हातात घेतला. एक बाई सुपात मीठ घातलं की नाही ते विसरली. तिथं आता ‘मी’ केलेलं होतं. ती वाचता वाचता थांबली. हे आपण केल्याचं तिला कधीच आठवलं नव्हतं. पण इतक्या चुकांत एखादी विसरायला होते, असं धरून तिनं इतकी वर्षं तीही आपल्या पदरात घेतली होती. सासूनं पाणी मागितलं ती संध्याकाळ होती. सकाळ नव्हतीच.

“ते सूप तुझं होतं,” ती म्हणाली.

“माझं होतं.”

“आणि घातलंस माझ्यावर.”

“घातलं.”

थोरली हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून. मागच्या खोलीतून नवरा डोकावला, दोघींना बघून परत आत गेला. एक ‘मी’ खरा निघाला, म्हणाली. हा ठेव. हा तुझा, याला माझी हरकत नाही. आणखी काढ. धाकटी म्हणाली, आणखी मला आठवत नाही. पण थोरलीला आठवत होतं. तिला सगळं पाठ होतं. दिराच्या मालकाला जेवायला बोलावलं तेव्हा केक मधून कच्चा निघाला आणि धाकटीनं तो चमच्यानं वाढून त्याला कुठल्यातरी परदेशी पदार्थाचं नाव दिलं. जॅमच्या बरण्या उन्हात ठेवल्या आणि मुंग्यांनी त्या आधी उघडल्या. माशाचं डोकं कापताना तिनं डोळे मिटले आणि शेपटी कापली. एकेक ऐकताना धाकटी आधी लाल झाली, मग म्हणाली, हे तुम्ही इतकी वर्षं लक्षात ठेवलंत? थोरली म्हणाली, मग काय, तू लिहून ठेवत होतीस, मी बिनलिहिता ठेवलं.

प्रकाशकाच्या मुलीचं काय, असं धाकटीनं एकदा म्हणून बघितलं. टोमण्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. थोरली म्हणाली, तिला सांग, त्या बाईची हरकत नाही. ती बाई विचारतेय, तिला पुस्तकातून काढायचा ठराव कुणी केला.

शेवटी धाकटीनं पेन काढलं. टेबलाच्या कोपऱ्यावर कागद पसरून ती एकेक ‘मी’ खोडायला लागली आणि त्यावर ‘एक बाई’ लिहायला लागली. खोडताना तिच्या तोंडावर जे दिसत होतं ते काही आनंदाचं नव्हतं. प्रत्येक ‘मी’पाशी ती जरा थांबायची, दात काढायला बसलेल्या माणसासारखी. थोरली चादरी करता करता तिकडं डोळा ठेवून होती. कांद्याच्या पानावर धाकटी थांबली.

“ताई, इथं एक दुरुस्ती करते. तुम्ही काही गप्पा मारायला नव्हता गेलात. खालून गिऱ्हाइकानं हाक मारली होती. ‘गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेली’ असं करते. तेच खरं आहे.”

इतक्या वर्षांनी कुणीतरी ते मान्य केलं होतं. थोरली इस्त्री हातात धरून विचार करत राहिली. तिनं मनातल्या मनात दोन्ही वाक्यं म्हणून बघितली.

“नको,” ती म्हणाली. “शेजारीणच राहू दे. गिऱ्हाईक म्हटलं की बिचारी वाटते. मजा जाते.”

“पण तुम्हालाच त्याचा राग होता ना?”

“होता. आहे. तू लिही.”

धाकटीनं लिहिलं. मग तिनं कोऱ्या कागदावर केकचं लिहायला घेतलं, ‘मी एकदा’ असं, आणि पेन तोंडात धरून वर बघत बसली. थोरलीला तिचा तो चेहरा ओळखीचा होता. खिडकीत बसलेली असायची तेव्हा हाच चेहरा. अजूनही तो बघून थोरलीला कुठंतरी टोचलंच. हिचा केक फसला तेव्हा आपण खालून वर जाऊन बघितलं नसतं तर आज हे लिहायला हिला सुचलंही नसतं, आणि छापल्यावर पत्रं मात्र हिलाच येणार. येऊ देत. कांद्याची पत्रं कुणाला येणार, ते तिनं विचारून घ्यायचं ठरवलं, पण आत्ता नको.

दारात हॉटेलचा माणूस येऊन उभा राहिला. चादरी झाल्या का, गाडी थांबलीय, म्हणाला. थोरलीनं त्याला दमात घेतलं, की गाडीला काय पाय फुटलेत, थांबेल. तिनं इस्त्रीच्या टाकीत पाणी घातलं, बोट ओलं करून पत्रा किती तापलाय ते बघितलं, आणि धाकटीला म्हणाली, “कोपर उचल. तुझी शाई त्यांच्या चादरीला लागेल.”

धाकटीनं कागदासकट कोपर उचललं. थोरलीनं तिच्या खालची चादर ओढून घेतली, चार टोकं जुळवली, आणि मधोमध इस्त्री टेकवली.